दिवाणजी आणि शेवाळाची अंगठी

फार फार वर्षं झाली, बरं का. तेव्हा पांगारनगर नावाचं एक राज्य होतं, आणि त्या राज्याच्या राणीला टोपल्या विणता यायच्या.

हसू नकोस, गार्गी. खरंच यायच्या. सूप, परडी, रोवळी, सगळं यायचं. तू रोवळी पाहिलीच नाहीस म्हणा. तांदूळ धुवायची बांबूची टोपली असते ती. आमच्याकडे दोन होत्या. त्यांतून पाणी टपटप गळायचं आणि ओल्या बांबूचा वास स्वयंपाकघरभर सुटायचा. अजून कधीकधी उगीचच येतो मला तो वास. ही गोष्ट मला माझ्या मथूआत्याने सांगितली. सांगताना तिच्या पुढ्यात वालाच्या शेंगा असायच्या. ती सोलायची आणि मी ऐकायची.

तर ती राणी. तिचं नाव चाफावती. पण लहानपणी तिला नुसतं चाफी म्हणायचे. नदीकाठी बुरूड आळी होती. बुरूड म्हणजे बांबूचं विणकाम करणारे लोक. त्या आळीतल्या एका झोपडीत चाफी जन्मली. बाप नव्हता. आई होती. मायलेकी दिवसभर विणायच्या. पण बांबू असायचा एका शेटजीचा. शेटजी बांबू द्यायचा आणि विणलेल्या टोपल्या स्वतःच घेऊन जायचा. बदल्यात पदरात टाकायचा मूठभर तांदूळ. स्वतःचा बांबू घेऊन स्वतः बाजारात बसावं, एवढीच त्या आईची इच्छा. पण त्यापुरता पैसा तिच्या हातात कधी आलाच नाही.

आता त्या राज्यात एक जुनी रीत होती. दर अक्षय्य तृतीयेला राजवाड्यातून गरिबांना दान मिळायचं. काय द्यायचं ते दिवाण ठरवायचा. पैसे मात्र द्यायचे नाहीत. द्यायची ती वस्तू.

चाफी आठ वर्षांची होती, त्या साली दानात आल्या घोंगड्या. भर वैशाखात! अंगाची नुसती लाही होत होती, आणि माणशी एक घोंगडी. त्याच महिन्यात चाफीच्या आईला ताप भरला. वैद्यबुवा म्हणाले, "औषधाला दोन रुपये पडतील." मग चाफी घोंगड्या डोक्यावर घेऊन बाजारात गेली. पण त्या दिवशी सगळ्यांच्याच घरी घोंगड्या. विकत कोण घेणार? ती तशीच परत आली. चौथ्या दिवशी दुपारी आई गेली. कोपऱ्यात दोन कोऱ्या घोंगड्या होत्या. त्यांची घडीसुद्धा मोडली नव्हती.

मथूआत्या इथे थोडी थांबायची. शेंगा सोलणंही थांबायचं. मग म्हणायची, "ऐकतेयस ना गं?" आणि पुढे जायची.

मग काय झालं? चाफीने विणलेली एक फुलांची परडी फिरत फिरत राजाच्या आईच्या देवघरात गेली. राजमाता म्हणाल्या, "इतकी नाजूक वीण कुणाच्या हातची?" मग शोध घेतला. मग पोरकी चाफी राजवाड्यात आली, तिथेच वाढली. राजपुत्र कीर्तिसेन तिच्याजवळ येऊन बसायचा आणि टोपली विणायला बघायचा. त्याला काही जमायचं नाही. सगळी टोपली वेडीवाकडी. पण दोघं हसायचे खूप. मोठेपणी त्यांचं लग्न झालं. अशी चाफीची झाली चाफावती राणी.

राणी झाली, पण माहेर काही मनातून जाईना. माहेरी होतं तरी कोण? कुणी नाही. तरी संध्याकाळी सज्जात उभं राहून ती नदीकडे बघत बसायची. आपली आळी, आपला घाट. आता तुम्हाला सांगते, माणसाचं असंच असतं. मलाही आमच्या गावची नदी अजून स्वप्नात दिसते, आणि स्वप्नात तिला पाणी आताच्यापेक्षा जास्त असतं.

तर राणीने बघितलं, दानाची रीत चालूच आहे. एका वर्षी दिल्या शेळ्या. बुरूड आळीत चारा कुठला? शेळ्यांनी झोपड्यांची छपरं खाल्ली! खरंच सांगते बटू, वरचं गवत सगळं ओढून खाल्लं, आणि लोक बसले उन्हात. दुसऱ्या वर्षी दिले तांब्याचे मोठमोठे हंडे. आळीत विहीर नव्हती, भरायचं काय त्यांत? मग राजवाड्याच्या मागच्या फाटकाशी एक व्यापारी बसला. त्याने ते हंडे पाव किमतीला घेतले. आणि गंमत बघा, तेच हंडे त्याने पुन्हा सरकारी कोठारात पूर्ण किमतीला विकले.

तिसऱ्या वर्षी दिवाणजींनी ठरवल्या पितळेच्या समया. घरटी एक.

मग मात्र राणी दरबारात उठून उभी राहिली.

"महाराज," ती म्हणाली, "ज्या घरात भाजीला तेल नाही, त्या घराने समईत काय घालायचं? यंदा काही वस्तू देऊ नका. नुसते पैसे द्या. ज्याला जे हवं ते तो घेईल."

दरबारात कुजबुज सुरू झाली. दिवाण नरहरपंत उठले. पांढऱ्या मिशा, डोक्यावर मोठी पगडी, हातात काठी. नरहरपंत वाईट माणूस नव्हते हं. अगदी नेकीने वागणारे. स्वतःसाठी कधी एक पै घेतली नाही. पण पैशाचं नाव काढलं की त्यांचा चेहरा कडू व्हायचा.

"राणीसाहेब," ते म्हणाले, "माझे वडील सैन्यात होते. लढाईत पराक्रम केला म्हणून त्यांना शंभर रुपये रोख बक्षीस मिळाले. वडिलांनी ते महिन्याभरात माडीच्या दुकानात पिऊन घालवले. माझी आई लोकांच्या घरी दळायला जायची. तिच्या हातांचे घट्टे मी पाहिलेत. गरिबाच्या हातात रोख पैसा देऊ नये. त्याने त्याचंच घर बुडतं."

राणी हळूच म्हणाली, "आणि माझी आई दोन रुपयांवाचून गेली, पंत."

दोघंही खरंच बोलत होते. राजा बिचारा एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. शेवटी तो म्हणाला, "आपण करून बघू. तीन घरं निवडा. दिवाणजी, तुम्हीच निवडा. प्रत्येक घराला वीस रुपये द्या. कशाला, ते विचारू नका. दिवाळीला दिवाणजी मला सांगतील, पैसे कामी आले की वाया गेले. वाया गेले, तर राणीने पुन्हा दानाचं नाव काढायचं नाही. कामी आले, तर समया राहू द्या कोठारात."

राणी म्हणाली, "माझी एकच अट. घरात नवराबायको असतील तर दहा त्याच्या हातात द्या, आणि दहा तिच्या."

दिवाणजींनी मान हलवली. आणि घरं निवडली कशी, माहितीये? मुद्दाम शोधून शोधून. पहिला म्हातारा नावाडी. म्हटलं, याचं आता काय राहिलंय, सगळं खाऊन टाकेल. दुसरी एकटी विधवा. म्हटलं, हिला कुणीही फसवेल. आणि तिसरा, गावातला नावाजलेला दारुडा!

अक्षय्य तृतीयेला पैसे दिले. आठ दिवसांनी दिवाणजी पालखीत बसून पाहणीला गेले. पालखी दिसली की लोक उठून उभे राहायचे. हात जोडायचे. "आपली कृपा आहे सरकार, सगळं ठीक आहे सरकार." चूल विझवून टाकायचे, पोरांना आत ढकलायचे. दिवाणजींना काही कळेना. ते परत येऊन म्हणाले, "हे लोक खरं बोलत नाहीत."

राणीला वाटलं, आता कसं व्हायचं?

बुरूड आळीखाली नदीला एक डोह होता. त्या डोहात राहायची एक कासवीण. राज्यापेक्षाही जुनी. पाठीवर हिरवंगार शेवाळ, डोळे मण्यांसारखे. लहानपणी चाफी घाटावर बसून तिच्याशी गप्पा मारायची. कासवीण कधी बोलली नव्हती. फक्त ऐकायची.

राणी घाटावर गेली. पाण्यात पाय सोडून बसली. म्हणाली, "कासवीणबाई, दिवाणजींना मी सांगितलं तर पटणार नाही. आणि ते स्वतः गेले तर लोक त्यांना घाबरतात. मी करू काय?"

पाणी हललं. कासवीण वर आली. आणि बरं का, पहिल्यांदाच बोलली. आवाज कसा? ओल्या लाकडासारखा.

"दिवाण गेला पाहिजे, पण दिसला नाही पाहिजे," ती म्हणाली. "माझ्या पाठीवरचं थोडं शेवाळ घे. त्याची अंगठी वळ. बोटात घातली की माणूस दिसेनासा होईल. तीन घरं बघून होईपर्यंत ती टिकेल. फक्त जप. शेवाळाला खारं पाणी सोसत नाही."

आणि गडप! पुन्हा पाण्यात.

राणीने हिरवी अंगठी वळली आणि दिवाणजींच्या हातात दिली. दिवाणजी आधी रागावले. मग अंगठी घालून आरशापुढे उभे राहिले. आरशात नुसता पलंग दिसला! त्यांनी घाबरून अंगठी काढली. मग पुन्हा घातली. मग काढली. असं पाच-सहा वेळा केलं म्हणे.

मग ते निघाले पहिल्या घरी.

पहिलं घर गोमाजी नावाड्याचं. गोमाजी सत्तरीचा. त्याची बायको पारू. घाटावर त्यांची नाव उपडी घातलेली. तळाला भगदाड पडलेलं. वर्षभर नाव पाण्यात गेली नव्हती. दिवाणजी हळूच आत शिरले. बघतात तर काय! चुलीवर तवा, आणि तव्यावर पुरणाची पोळी. सगळ्या घरात वेलदोड्याचा वास.

"बघा!" दिवाणजी मनात म्हणाले. "आले पैसे की चालले पोटात."

पारूने पोळी नवऱ्याच्या पानात वाढली. म्हणाली, "सात वर्षांनी पुरण घातलं हो मी. जमलंय का, बघा."

गोमाजीने एक घास खाल्ला. नुसती मान हलवली. मग दुसरा घास त्याने पारूच्या हातावर ठेवला. दिवाणजींना का कोण जाणे, तिकडे बघवेना. त्यांनी तोंड फिरवलं.

पण ते राहिले तिथेच. म्हटलं, बघू पुढे काय करतात. दुपारी त्यांना लागली भूक. मग त्यांनी हळूच टोपलीतून एक भाकरी उचलली.

"अहो," पारू म्हणाली, "तीन भाकऱ्या होत्या ना? दोनच कशा?"

"मांजर असेल," गोमाजी म्हणाला.

एवढ्या मोठ्या राज्याचा दिवाण, आणि झाला मांजर!

दुसऱ्या दिवशी सकाळी गोमाजी उठला. त्याने फळ्या आणल्या, खिळे आणले, राळ आणि तेल आणलं. चार दिवस ठोक ठोक, ठोक ठोक. पारू तेलात राळ कढवायची, तो फटीत भरायचा. राळेचा वास तुम्हाला ठाऊक नाही. आमच्या गावी पावसाळ्याआधी सगळा घाट त्या वासाने भरून जायचा. मी शाळेतून येताना मुद्दाम घाटावरून यायची. आता तिथे पूल झालाय. चांगलं झालं हो, पूल हवाच. पण तो वास गेला.

पाचव्या दिवशी नाव पाण्यात गेली. दिवाणजीही चढले. गोमाजी वल्हं मारतो आणि म्हणतो, "पारू, नाव डावीकडे झुकतेय गं. मी तर मध्ये बसलोय." दिवाणजी पटकन सरकले उजवीकडे. "आता उजवीकडे!" गोमाजी म्हणतो. मग दिवाणजी श्वास रोखून बरोबर मधोमध बसले, आणि नाव सरळ चालू लागली. पलीकडच्या काठावर माणसं वाट बघत होती. कुणाकडे भाजी, कुणाकडे दुधाची घागर. त्यांनी नाव बघितली आणि टाळ्याच वाजवल्या.

मग दिवाणजी गेले दुसऱ्या घरी.

दुसरं घर यसूचं. यसू बुरूड आळीतली विधवा. तिच्या दोन लहान मुली. दिवाणजी पोचले तेव्हा यसू अंगणात बसून बांबू चिरत होती. हा बांबू शेटजीचा नव्हता, बरं का. जंगलातून बैलगाड्या येतात, त्यांच्याकडून तिने रोख पैसे देऊन घेतला होता. स्वतःचा. मोठी मुलगी पट्ट्या मोजून ठेवत होती, धाकटी मधूनच त्या विस्कटत होती.

इतक्यात शेटजी आला. सोन्याची भिकबाळी, डोक्यावर जरीची पगडी. दारात उभा राहून ओरडला, "यसू, माझ्याकडचा बांबू सोडून दुसरीकडून घेतलास? तुझ्या टोपल्या बाजारात कोण घेतो, बघतो मी!"

पण कोयता काही तिने खाली ठेवला नाही. ती म्हणाली, "शेटजी, बांबू माझा आहे. टोपली माझी आहे. भाव मी सांगणार."

शेटजी पुढे सरसावला आणि त्याने तयार टोपल्यांवर पाय उगारला. आता दिवाणजींना राहवेल का? त्यांनी काय केलं माहितीये? शेटजीची पगडी उचलली आणि भिरकावली. पगडी गेली उडत आणि पडली शेणात!

"भूत! भूत!" शेटजी जो पळाला, तो मागे वळून बघेना. मुली खदखदा हसायला लागल्या. यसूला काही कळलं नाही. तिने आपला आकाशाला नमस्कार केला.

हसून झालं? आता पुढचं ऐका.

दिवाणजी तिथेही चार दिवस राहिले. त्यांनी बघितलं, यसू बाजारात स्वतः बसते. शेटजी द्यायचा त्याच्या तिप्पट भाव येतो. मुलींना दोन वेळा भात मिळतो. पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. रोज सकाळी यसू विणकाम टाकून उठायची. डोक्यावर एकावर एक दोन घागरी. नदीचं पाणी आळीजवळ गढूळ आणि खराब, म्हणून ती वर झऱ्यापर्यंत जायची. जायला यायला अर्धा दिवस. थकून परत यायची तेव्हा हातात जोरच नसायचा.

एकदा शेजारीण म्हणाली, "यसू, आता पैसे आहेत की तुझ्याकडे."

यसू हसली. म्हणाली, "पैसे आहेत गं. पण विहीर कोणत्या दुकानात मिळते?"

दिवाणजी उभे होते ते खालीच बसले. किती वर्षं ते दिवाण होते! शेळ्या दिल्या, हंडे दिले. पण या आळीतली बाई पाण्याला कुठे जाते, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

मग राहिलं तिसरं घर. हैबती हमालाचं. दिवाणजींचे पाय जड झाले. का? कारण आता त्यांनाच वाटायला लागलं होतं, हेही घर चांगलं निघू दे.

हैबती अंगाने दांडगा. चार माणसांचं ओझं एकटा उचलायचा. पण मजुरी हातात आली की माडीचं दुकान. दिवाणजी पोचले तर तो भर दुपारी पिंपळाखाली पडलेला. तोंड उघडं, माश्या घोंगावतायत. दुकानदार कुणाला तरी सांगत होता, "राजाचे दहाच्या दहा रुपये इथेच प्याला. आठवडाही लागला नाही."

दिवाणजींना राग नाही आला. त्यांना एकदम त्यांचे वडील दिसले. असेच पडलेले. आणि लहानगे नरहरपंत त्यांचा हात ओढतायत, "बाबा, घरी चला ना."

"झालं," ते म्हणाले. "मी म्हणत होतो तेच खरं." पण खरं ठरल्याचा त्यांना आनंद काही झाला नाही. राजाला सांगायला ते माघारी वळले. आणि तेवढ्यात त्यांच्या कानावर एक आवाज आला. घर्रर्र, घर्रर्र.

जातं.

तुम्ही जात्याचा आवाज ऐकला नाहीत, पोरांनो. माझी सकाळ त्याने व्हायची. अजून अंथरुणात असायची मी, आणि आई माजघरात दळायची. आवाज जमिनीतून अंगात यायचा. वाटायचं, सगळं ठीक आहे. आई आहे, पीठ आहे.

दिवाणजी आवाजामागून गेले. हैबतीच्या घरात त्याची बायको कोंडाबाई दळत होती. जातं नवं कोरं. दारात बायकांची रांग. कुणाची ज्वारी, कुणाची नाचणी. दळून घ्यायचं आणि पायलीमागे मापटंभर धान्य तिला द्यायचं. कोपऱ्यात धान्याची मडकी भरलेली होती. तिचा मुलगा भाकरी खात होता. सावकाश खात होता. ज्याला पुढची भाकरी मिळणार हे ठाऊक असतं, तो सावकाश खातो.

कोंडाबाईने आपल्या दहा रुपयांचं जातं घेतलं होतं.

दिवाणजी दाराशी बसले. त्यांच्या आईने सगळी हयात लोकांच्या जात्यावर घालवली. तिच्याकडे स्वतःचं जातं नव्हतं. त्या शंभरातले दहा जरी कुणी तिच्या हातात दिले असते! कुणी दिले नाहीत. कुणाला सुचलंच नाही. दिवाणजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. गालावरून ओघळलं आणि टपकन बोटावर पडलं.

आणि डोळ्यांतलं पाणी कसं असतं? खारं! अंगठी विरघळली. दाराशी एकदम दिवाणजी दिसायला लागले. पगडी, मिशा, काठी, आणि रडतायत.

बायका किंचाळून उठल्या. कोंडाबाई मात्र उठली नाही. तिने जात्यावरचा हात काढला आणि बघत राहिली. मग तिने तांब्या भरला. "पाणी घ्या, दिवाणजी. लांबून आलात वाटतं."

दिवाणजी पाणी प्यायले. मग विचारलं, "बाई, वीसच्या वीस तुझ्या हातात दिले असते तर?"

कोंडाबाईने विचार केला. म्हणाली, "नको, साहेब. मग त्याने रोज भांडण काढलं असतं. त्याचे त्याला मिळाले, तो ते प्यायला. लाज वाटली असेल थोडी. माझ्या दहांना त्याने हात लावला नाही. काल तर दोन पोती ज्वारी उचलून आणून दिली मला, न मागता."

"तो पुन्हा पिईल?"

"पिईल," ती म्हणाली. "पण पोर उपाशी झोपणार नाही."

मग दिवाळी आली. दरबार भरला. राणीला एकच काळजी. हरलो तर आळीला वर्षानुवर्षं समयाच मिळणार. राजाने विचारलं, "बोला दिवाणजी. पैसे वाया गेले का?"

नरहरपंत उठले.

"महाराज," ते म्हणाले, "साठ रुपये दिले. दहा वाया गेले. पन्नास कामी आले. आणि मी चाळीस वर्षं जे दान वाटलं, त्यातलं किती वाया गेलं, ते मला आज सांगवत नाही." मग पुन्हा म्हणाले, "लोकांना पैसे द्या. दोघांच्या हातात द्या. त्यांचं त्यांना कळतं. पण तेवढं करून आपण मोकळे झालो असं समजू नका. बुरूड आळीत विहीर नाही. ती यसूने वीस रुपयांत नाही खणायची. ती आपण खणायची."

राणी सिंहासनावरून उतरली आणि तिने सगळ्या दरबारादेखत वाकून दिवाणजींना नमस्कार केला. दिवाणजी म्हणाले, "अहो, हे काय, राणीसाहेब!" आणि पगडी सावरत दोन पावलं मागे सरकले.

मग समया राहिल्या कोठारात. पुढच्या अक्षय्य तृतीयेला घरोघर पैसे गेले. आळीत विहीर खणली, आणि तेराव्या हातावर गोड पाणी लागलं. सगळी गरिबी लगेच पळाली का? नाही गं गार्गी, अशी पळत नाही ती. कुणाची बैलजोडी मेली, कुणी आजारी पडलं, कुणी फसलं. हैबती मधूनमधून पिंपळाखाली दिसायचाच. पण छपरं शाकारली गेली. मुलं बाळसेदार झाली. बाजारात बायका आपापल्या टोपल्या घेऊन बसायला लागल्या.

दरवर्षी दिवाणजी स्वतः फाटकाशी पैशांच्या थैल्या घेऊन बसायचे. आता पालखी नाही, पगडीही नाही. साधी टोपी. प्रत्येकाला नावाने विचारायचे, "पाण्याचं कसं आहे? पोरगी बरी आहे का?" अशी सहा वर्षं गेली. सातव्या वर्षी रांगेत यसूचा नंबर आला. दिवाणजींनी थैली पुढे केली.

यसूने हात मागे घेतला. म्हणाली, "नको, दिवाणजी. आमचं भागतं आता. मागे नदीपलीकडची बाई उभी आहे, नवी आलीय. तिला द्या. मी नुसतं सांगायला आले होते. थोरलीचं लग्न ठरलंय. जेवायला या."

दिवाणजींच्या दानाला चाळीस आणि सात वर्षांत कुणी "नको" म्हटलं नव्हतं. ते थैली तशीच हातात धरून बसले. आणि मग हसायला लागले, अगदी लहान पोरासारखे. मिशा हलायला लागल्या. त्यांना पाहून रांगेतले सगळे हसायला लागले, आणि का हसतोय ते निम्म्या लोकांना ठाऊकसुद्धा नव्हतं.

लग्नाला ते गेले, बरं का. तीन वेळा जिलबी मागून घेतली.

तर अशी ती सगळी माणसं पोटभर जेवली, सुखाने राहिली, म्हातारी झाली. मथूआत्याच्या शेंगा इथे बरोबर संपायच्या. कशा काय, देव जाणे.

बटू झोपला वाटतं. गार्गी, त्याच्या अंगावर पांघरूण ओढ. तूही मीट डोळे. मी आहे इथेच.